लव्हाळ्याचे देखणे भाऊबंद : नाशिकच्या बागेत सायपरस आणि कॅरेक्स

दिवाळीच्या उटण्यात जो नागरमोथा असतो, तोच जूनचे पहिले दोन पाऊस पडले की वाफ्यात डोकं वर काढतो आणि आपण खुरपं घेऊन त्याच्या मागे लागतो. आमच्याकडे त्याला लव्हाळाच म्हणतात. द्राक्षबागायतदारापासून गच्चीवर चार कुंड्या ठेवणाऱ्यापर्यंत सगळ्यांचा हा सामाईक शत्रू. म्हणून मी पहिल्यांदा नर्सरीतून छत्रीचं लव्हाळं घरी आणलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "तण विकत आणलंस होय गं?"

त्यांचं अगदीच चुकलं नव्हतं. सायपेरेसी हे लव्हाळ्याचं कुळ मोठं आहे, पाच हजारांहून जास्त जातींचं. त्यातल्या मोजक्या शोभेसाठी लावतात. बागेसाठी त्यांचे दोनच गट ध्यानात ठेवले तरी पुरतात: चिखलात पाय बुडवून उभा राहणारा सायपरस आणि सावलीत, निचऱ्याच्या मातीत बसणारा कॅरेक्स. दोघांना एकसारखं पाणी दिलं की एक तरी मरतो. मी पहिल्या पावसाळ्यात कॅरेक्सच्या तीन कुंड्या अशाच घालवल्या. सायपरसच्या कुंडीखाली पाण्याची ताटली होती, म्हणून त्यांच्याखालीही ठेवली. ऑगस्टमध्ये पानांचा झुबका हातात धरला तर मुळासकट नुसता वर आला, खाली सगळं कुजलेलं.

आधी ओळख

नर्सरीत "शोभेचं गवत" या एका नावाखाली काहीही मिळतं. मोंडो ग्रास आणि लिरिओपी यातलं गवतही नाही आणि लव्हाळंही नाही. फाउंटन ग्रास खरं गवत आहे. काही वेळा वेखंडाच्या जवळची एक बुटकी जात पिवळ्या पट्ट्याच्या पानांमुळे कॅरेक्स म्हणून खपवतात. तिचं पान चुरगाळून नाकाशी धरा, वेखंडासारखा वास आला की कळलंच.

लव्हाळ्याची खूण बोटांना कळते. फुलाचा दांडा अंगठा आणि तर्जनीत धरून फिरवा. गवताची काडी गोल, बहुधा पोकळ आणि मध्ये पेरं असलेली लागते. लव्हाळ्याची बहुतेक वेळा तिकोनी, आतून भरीव आणि बिनपेराची. एकदा अंगणातल्या लव्हाळ्यावर हे करून पाहा, मग नर्सरीत अडणार नाही. कॅरेक्सला फुलाचा दांडा नसेल तर बुंध्याकडे वरून बघा, पानं तीन दिशांना फुटलेली असतात. पानाची कड खालून वर चाचपताना गुळगुळीत वाटते आणि उलट दिशेने करवतीसारखी लागते. ती बोट कापू शकते, म्हणून या झाडांत काम करताना हातमोजे घाला.

काय आणावं

सुरुवात छत्रीच्या सायपरसपासून करा. याला नर्सरीवाले अंब्रेला पाम म्हणतात, पामशी त्याचा काही संबंध नाही. मूळचा आफ्रिका आणि मादागास्करकडचा, आपल्याकडे सहज रुळलेला. तीन ते पाच फूट उंच हिरवे दांडे आणि प्रत्येकाच्या टोकाला छत्रीच्या काड्यांसारखी पसरलेली पानं. ती खरं तर फुलाखालची पानं असतात. झाडाची खरी पानं बुडाशी नुसत्या आवरणापुरती उरलेली असतात आणि अन्न तयार करण्याचं बरंचसं काम हिरवा दांडाच करतो. त्यामुळे दांड्याचं टोक छाटलं तर तो पुन्हा फुटत नाही, हळूहळू वाळतो. नवा दांडा येतो तो नेहमी मुळातून.

पपायरस हा त्याचाच थोरला भाऊ, प्राचीन इजिप्तमध्ये ज्याच्या दांड्यांपासून लिहायचा कागद करत तो. दहा फुटांच्याही वर जातो आणि टोकाला बारीक हिरव्या धाग्यांचा झुबका असतो. दिसतो राजेशाही, पण मे-जूनच्या वादळी वाऱ्यात गच्चीवर त्याचे दांडे कंबरेत मोडतात. भिंतीचा आडोसा असेल तरच आणा. फ्लॅटच्या बाल्कनीत बुटका पपायरस बरा, दोन-तीन फुटांवर थांबतो. पांढऱ्या चांदणीसारखी फुलं हवी असतील तर स्टार ग्रास नावाने मिळणारं लव्हाळं बघा. त्याच्याही पांढऱ्या "पाकळ्या" म्हणजे टोकाला हिरवी असलेली पानंच. त्याला भरपूर ऊन आणि सतत ओल लागते.

कॅरेक्समध्ये जवळजवळ दोन हजार जाती आहेत, पण बहुतेक शोभेच्या जाती थंड हवेच्या. आपल्याकडे त्यातल्या त्यात टिकतो तो पिवळसर पट्ट्याचा, जपानी मूळ असलेला एव्हरगोल्ड, तोही सावलीत. ब्रुनिया ही जात आशियात भारतापासून जपानपर्यंत आणि खाली ऑस्ट्रेलियापर्यंत रानात आढळते, ती उकाडा जास्त सोसते. मिळाली तर आधी तीच घ्या. तांबूस-तपकिरी रंगाच्या न्यूझीलंडच्या जाती फोटोत फार सुंदर दिसतात. माझं मत विचाराल तर त्यांच्यावर पैसे घालू नका. मेचा कोरडा उन्हाळा आणि लगेच जुलैचा दमटपणा, या दोन्हींतून त्या क्वचितच तरतात.

जागा

सायपरससाठी घरातली ती जागा शोधा जिथे इतर झाडं सडतात: टाकी भरून वाहते तिथे, कपडे धुण्याच्या मोरीशेजारी, एसीच्या नळीखाली. आमच्या शहराची काळी माती पावसाळ्यात पाणी धरून बसते आणि गुलाबवाल्यांना रडवते. सायपरसला तीच माती हवी असते. नांदूर मध्यमेश्वरला कधी गेलात तर धरणाच्या उथळ गाळात पाणकणीस आणि लव्हाळे कसे दाटीने उभे असतात ते बघा (जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत २०२० मध्ये गेलेलं ते महाराष्ट्रातलं पहिलं पाणथळ). सायपरसला साधारण तसलाच चिखल हवा, फक्त टबात. ऊन सकाळपासून दुपारपर्यंत चालेल. पूर्ण सावलीत दांडे लांबतात आणि लोळतात.

कॅरेक्सला पूर्वेची बाजू द्या, सकाळी नऊ-दहापर्यंत ऊन आणि पुढे सावली. आंबा किंवा चिकूच्या झाडाखालचा विरळ प्रकाशही चालतो. पश्चिमेच्या भिंतीलगत लावू नका. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो तेव्हा तापलेली भिंत रात्रीपर्यंत आग ओकत असते आणि कॅरेक्सची पानं टोकाकडून भाजत जातात.

सायपरसची लागवड

१. बुडाला भोक नसलेला टब घ्या, तोंड दीड फूट, खोली सव्वा फूट. पपायरस असेल तर याच्या दीडपट.

२. दोन भाग काळी माती, एक भाग गाळाची माती आणि पाव भाग पूर्ण कुजलेलं शेणखत कालवा. शेणखत जास्त किंवा कच्चं पडलं तर साचलेल्या पाण्यात त्याची दुर्गंधी सुटते आणि शेवाळ माजतं. कोकोपीट घालू नका, पाणी भरलं की ते तरंगून वर येतं. नर्सरीच्या पिशवीतलं रोप कोकोपीटमध्ये असेल तर मुळांवरचं सुटं कोकोपीट झटकून टाका.

३. टब दोन तृतीयांश भरा, रोप मधोमध ठेवा आणि बुडखा मातीच्या पातळीलाच राहील असं बघून कडेने माती दाबा.

४. वर इंचभर जाड वाळू किंवा बारीक खडी पसरा, नाहीतर पाणी ओतताना माती ढवळते.

५. पहिले आठ दिवस माती फक्त चिखलासारखी ठेवा. नवी हिरवी टोकं दिसली की पाणी दोन-तीन इंच वर आणा. पपायरसला चार-सहा इंच चालतं. स्टार ग्रासला मात्र वर पाणी नको, ओली माती पुरे.

आता डासांचं. साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्यांचे डास होऊन उडतात. टबात चार-सहा गप्पी मासे सोडा. मासे नको असतील तर दर आठवड्याला ठरलेल्या वारी पाणी पूर्ण ओतून टबाची कड घासून काढा. ताटलीतल्या पाण्यालाही हाच नियम, आणि ताटलीच विसरली जाते.

जमिनीत थेट लावायचा मोह टाळा. मी मोरीशेजारी लावला होता. दोन पावसाळ्यांत त्याने वाफा गिळला, तिसऱ्या वर्षी शेजाऱ्यांच्या गटाराच्या फटीत त्याची पिल्लं उगवली, आणि शेवटी पहार आणून ठोंब उचकटावं लागलं. जमिनीतच हवा असेल तर बूड असलेली जुनी सिमेंटची कुंडी कड दोन इंच वर ठेवून पुरा आणि त्यात लावा.

कॅरेक्सची लागवड

इथे काळी माती एकटी कामाची नाही. एक भाग माती, एक भाग बारीक मुरूम किंवा जाड वाळू आणि एक भाग गांडूळखत किंवा पालापाचोळ्याचं खत असं मिश्रण करा. वाफा असेल तर नऊ-दहा इंच खणून हे मिश्रण भरा आणि वाफा जमिनीपेक्षा सहा इंच उंच राहू द्या. शहरात इगतपुरीच्या जेमतेम पाव हिस्सा पाऊस पडतो हे खरं, पण जुलैत सलग आठ दिवस झड लागली की काळ्या मातीतला खड्डा नुसता टाक्यासारखा भरतो.

रोपं एकमेकांपासून फुटावर. मुळांचा गोळा कुंडीत गुंडाळला गेला असेल तर बोटांनी मोकळा करा. बुडखा पुरू नका, तो खोल गेला की कुजतो. लावून झाल्यावर दोन इंच आच्छादन टाका, फक्त बुडख्याभोवती तीन बोटं जागा मोकळी सोडा. घोटी-इगतपुरीकडून भाताचं तूस आणणारं कुणी ओळखीचं असेल तर उत्तम, नाहीतर वाळकी पानं. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते तेव्हा ती बारीक मुळं अक्षरशः तोडते, आच्छादन त्यासाठीच.

वरची इंचभर माती कोरडी लागली की पाणी द्या. बोट खुपसून बघणं याइतकं भरवशाचं यंत्र नाही. ठिबक लावणार असाल तर कॅरेक्सची आणि सायपरसची लाइन वेगळी ठेवा.

पाणी कुठलं

नळाचं पाणी दोघांनाही चालतं. बोअरच्या जड पाण्याने सायपरसच्या छत्रीची टोकं तपकिरी होतात आणि कुंडीच्या कडेला पांढरा थर बसतो. आरओ फिल्टरचं टाकाऊ पाणी झाडांना घालावं असं पुष्कळ लोक सांगतात. त्यात क्षार आणखी एकवटलेले असतात, आणि बिनभोकाच्या टबात ते साठतच जातात. मी ते फरशी पुसायला वापरते. एसीचं पाणी जवळजवळ बिनक्षाराचं, ते मात्र सोन्यासारखं. पहिल्या जोरदार पावसात टब कलता करून जुनं पाणी ओता आणि पावसाचं भरू द्या, वर्षभराचे क्षार बरेचसे निघून जातात.

टोकं तपकिरी होण्याचं दुसरं कारण कोरडी हवा. मार्च ते मे ती होतातच, त्यासाठी औषध शोधू नका. दांडा पूर्ण पिवळा पडला की तो बुडाशी कापा.

वर्षभराची कामं

द्राक्षवाल्यांच्या घरात वर्ष एप्रिलच्या सुमाराची खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमाराची गोडी छाटणी या दोन खुंटांवर टांगलेलं असतं. मीही माझ्या लव्हाळ्यांची कामं त्यांच्या आगेमागे बसवली आहेत, विसरायला होत नाही.

फेब्रुवारी संपताना, थंडी ओसरली की सायपरसचे सगळे जुने दांडे जमिनीपासून दोन इंचांवर कापून टाका. बोडकं दिसतं, पण महिनाभरात नव्या फुटव्यांनी भरतं. कॅरेक्सला ही भादरणी चालत नाही. तो सदाहरित आहे, मुळाशी छाटला तर सावरायला वर्ष घेतो आणि आपल्या उन्हाळ्यात सावरेलच असं नाही. हातमोजे घालून बोटं फणीसारखी पानांतून फिरवा, मेलेली पानं हातात येतात. फारच भाजलेली टोकं असतील तर वरचा एक तृतीयांश भाग कापा, त्याहून खाली जाऊ नका.

मार्च ते सप्टेंबर सायपरसला भूक असते. घरात १९:१९:१९ ची (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेल्या विद्राव्य खताची) पिशवी असतेच, पण टबात मासे असताना पाण्यात विद्राव्य खत घोळू नका, शेवाळ उठतं. चिखलाच्या गोळ्यात मूठभर गांडूळखत कोंबून तो मुळांजवळ खोल दाबा, महिन्यातून एकदा. निंबोळी पेंडही माशांच्या टबात नको, माशांना ती बाधते. कॅरेक्सला लिटरला एक ग्रॅम १९:१९:१९ महिन्यातून एकदा, तेही फक्त ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये. मेच्या उन्हात किंवा जुलैच्या झडीत खत दिलं तर कोवळी पानं येतात आणि तीच आधी जातात.

एप्रिलमध्ये कॅरेक्सवर पन्नास टक्क्यांची हिरवी शेडनेट. जूनच्या पहिल्या आठवड्यात नेट काढा, कुंड्या विटांवर चढवा, खालच्या ताटल्या काढून टाका. जुलै-ऑगस्टमध्ये आठवड्याला एकदा बुडख्यातला कुजका पाला काढा, हवा खेळली पाहिजे.

डिसेंबर-जानेवारीत सायपरसची वाढ थांबते, टबातलं पाणी इंचभर कमी केलं तरी चालतं. शहरात त्याला थंडीचा त्रास होत नाही. निफाडकडे मात्र पारा पाच अंशांखालीही जातो, तिकडे पपायरसचा टब भिंतीजवळ सरकवा.

नवी रोपं

यातली सगळ्यात गमतीची रीत सायपरसची, मुलांना जरूर दाखवा. निरोगी छत्री दोन इंच दांड्यासकट कापा. काड्या कात्रीने निम्म्या करा. मग ती उलटी, म्हणजे दांडा वर आणि छत्री खाली, पाण्याच्या भांड्यात ठेवा. रानात दांडा वाकून छत्री पाण्याला टेकली की तिथे नवं रोप धरतं, आपण तेच करतो. उजेडात, पण थेट उन्हात नको. पाणी तीन-चार दिवसांनी बदला. दोन ते चार आठवड्यांत मधल्या बेचक्यातून पांढरी मुळं आणि हिरवे कोंब येतात. कोंब बोटाएवढे झाले की चिखलात लावा. थंडीत याला दुप्पट वेळ लागतो, मार्च ते सप्टेंबर हा काळ चांगला.

ठोंब फोडायचं असेल तर सायपरसचं जूनमध्ये. दोन वर्षांत टब गच्च भरतो आणि प्लॅस्टिकचा असेल तर फुगून चिरतोसुद्धा. करवतीच्या विळ्याने चार तुकडे करा, कडेचे जोमदार ठेवा, मधला म्हातारा गड्डा काढून टाका. कॅरेक्सचं ठोंब पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरमध्ये. प्रत्येक तुकड्यात निदान चार-पाच फुटवे आणि पुरेशी मुळं हवीत. एकेका फुटव्याची रोपं करण्याचा लोभ धरला तर त्यातली निम्मी जातात.

लव्हाळा शिरला तर

ही खरी डोकेदुखी, कारण चोर आणि साव एकाच घरातले. नर्सरीच्या मातीतून किंवा शेणखतातून लव्हाळ्याच्या गाठी येतात आणि कॅरेक्सच्या झुबक्यात त्याची पाती महिनाभर ओळखूही येत नाहीत. नव्या रोपाची कुंडी तीन आठवडे वेगळी ठेवा. लव्हाळ्याचं पातं चकचकीत, गडद हिरवं असतं आणि शेजाऱ्यांपेक्षा भराभर वाढतं.

वरून उपटू नका. त्याच्या गाठी जमिनीखाली माळेसारख्या जोडलेल्या असतात आणि टोकाची गाठ जिवंत असेपर्यंत बाकीच्या बऱ्याचशा झोपून राहतात. माळ तुटली की त्या सगळ्या जाग्या होतात. म्हणूनच घाईघाईने खुरपल्यावर पंधरा दिवसांत तो दुपटीने उगवलेला दिसतो. कुंडीत दिसला तर पूर्ण रोप काढा, मुळं पाण्यात धुवा, काळ्या गाठी एकेक वेचा आणि नव्या मातीत लावा. जुनी माती एप्रिल-मेच्या कडक उन्हात फरशीवर पातळ पसरून आठ-दहा दिवस रोज परता, गाठी पूर्ण वाळल्या तरच मरतात. वाफ्यावर पातळ काळं प्लॅस्टिक अंथरून उपयोग नाही, लव्हाळ्याचं अणकुचीदार टोक ते भोसकून वर येतं.

ऊस-मक्यात लव्हाळ्यासाठी हॅलोसल्फ्युरॉन मिथाईल हे तणनाशक मारतात. शेतकरी नातेवाईक प्रेमाने त्याची पुडी देऊ करतील. शोभेच्या लव्हाळ्यांजवळ ते नेऊ नका, ते याच कुळावर चालणारं औषध आहे.

किडी

फार नाहीत. मार्चपासून छत्रीच्या काड्यांवर बारीक जाळी आणि फिकट ठिपके दिसले की लाल कोळी समजा. पानांच्या खालून पाण्याचा जोराचा फवारा, सलग तीन-चार दिवस. दांड्यांच्या बेचक्यात कापसासारखं दिसलं तर पिठ्या ढेकूण, जुन्या ब्रशने पुसून काढा आणि मग लिटरला पाच मिली कडुनिंबाचं तेल थोड्या साबणाच्या पाण्यात फेसून संध्याकाळी फवारा. फवारताना टबावर प्लॅस्टिक झाका, खाली मासे आहेत. घरात मांजर असेल तर छत्र्यांची टोकं कुरतडलेली दिसतील, तो रोग नाही.

वाढलेलं कुठे टाकायचं

सायपरसचं फोडलेलं ठोंब कोपऱ्यात फेकलं तरी जगतं. नाल्यात किंवा गोदावरीच्या काठाला तर ते अजिबात टाकू नका. पुरात झाडं जातात आणि लव्हाळे राहतात ही म्हण आपल्याला पाठ आहे, आणि हा परदेशी लव्हाळा एकदा काठावर रुजला की तिथल्या मूळच्या लव्हाळ्यांची जागा घेईल. बी धरू नये म्हणून फुलांचे तपकिरी तुरे दिसताच ती छत्री कापून घ्या. नको असलेले गड्डे गच्चीवर उन्हात पंधरा दिवस वाळवा, मोडून पाहा, आत ओल उरली नसेल तरच खताच्या खड्ड्यात. कापलेले दांडे मात्र लगेच कामाला येतात: वीतवीतभर तुकडे करून कॅरेक्सच्या वाफ्यात आच्छादन म्हणून पसरा, छत्र्या तेवढ्या वेगळ्या काढून.